सुगंधी तेलांची फवारणी: प्रमाण आणि वेळ सांगितल्याशिवाय कृती छापू नये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फळबागेतल्या किडींवर लवंग, पुदिना, गवती चहा आणि निलगिरीच्या तेलांची फवारणी कशी करावी, याची कृती आपल्या शेतीविषयक पुरवणीत नुकतीच छापून आली. थोडे तेल घ्या, साबणाच्या पाण्यात ढवळा, फवारा. सगळ्या किडी जातील आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय कोणालाच नाही, असा तिचा सूर होता. कीटकशास्त्र शिकवण्यात आणि भिंग घेऊन पानांच्या खालच्या बाजू तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. या तेलांवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ती कृती वाचून मी अस्वस्थ झाले. अशा अर्धवट माहितीने पालवी भाजते, कीड जिथल्या तिथे राहते, आणि बागायतदार वैतागून 'ही नैसर्गिक औषधे म्हणजे थोतांड' असे म्हणत पुन्हा जुन्या विषाकडे वळतो. एका चांगल्या साधनाचे नाव त्यात नाहक खराब होते. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी लिहिते आहे.

पहिली गोष्ट, त्या कृतीत कडुनिंबाचे तेल आणि पुदिन्याचे तेल एकाच रांगेत बसवले आहे. ही दोन तेले मुळातच वेगळी. कडुनिंबाचे तेल निंबोळीतून दाबून काढतात. ते जड असते, उडून जात नाही, आणि त्यातले मुख्य काम अझाडिरॅक्टिन करते: अळीची भूक मारते, तिची कात नीट टाकू देत नाही. पुदिना, लवंग, गवती चहा, रोझमेरी यांची सुगंधी तेले वाफेवर काढतात. त्यांतले बरेचसे रेणू दहा कार्बनचे, हलके, बाटलीचे झाकण उघडताच हवेत निघणारे. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक एकटे लिमोनिन असते. लवंगेच्या तेलात युजेनॉलचा वाटा बहुधा सत्तर ते नव्वद टक्के. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर. किडीवर यांचा परिणाम झाला तर मिनिटांत किंवा तासांत दिसतो. कडुनिंबाचा दिसायला दिवस लागतात. सुगंधी तेल फवारून आठवडाभर वाट पाहणारा आणि निंबोळी अर्क फवारून संध्याकाळपर्यंत मेलेल्या अळ्या शोधणारा, दोघेही निराश होणार.

ही तेले कीटकाला नेमके काय करतात, याचा अभ्यास बराच झाला आहे. कीटकांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामिन नावाचे एक द्रव्य असते. धावपळ, उड्डाण, हृदयाची गती यांवर त्याचा ताबा असतो. युजेनॉलसारखे काही घटक नेमकी हीच यंत्रणा बिघडवतात, असे २००१ साली एसाम एनान यांनी दाखवले. माणसात आणि इतर पृष्ठवंशीय प्राण्यांत ऑक्टोपामिनला असे महत्त्वाचे काम नसते, म्हणून या तेलांकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर बदलली. थायमॉल दुसऱ्या ठिकाणी, मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या द्रव्याच्या ग्राहकांवर काम करते. लिमोनिन मऊ अंगाच्या किडीच्या कातडीवरचा मेणाचा थर विरघळवते आणि कीड सुकून जाते. शिवाय वाफ श्वासरंध्रांतून आत शिरते. न मारताही वासामुळे अंडी घालणे थांबते, खाणे कमी होते. एका तेलात अशी अनेक कामे एकाच वेळी चालतात, त्यामुळे कीड एकदम सरावत नाही. हिरव्या माव्यावर याच धर्तीचा एक प्रयोग झाला आहे, पण तो कडुनिंबाचा. माव्याच्या एका वंशाला चाळीस पिढ्या शुद्ध अझाडिरॅक्टिन दिले तेव्हा त्याची सहनशक्ती नऊ पट वाढली. दुसऱ्या वंशाला निंबोळीचा सगळा अर्क दिला, त्याची वाढली नाही. फेंग आणि मरे आइस्मन यांचे हे १९९५ चे काम मी वर्गात दर वर्षी सांगत असे. अनेक घटकांच्या मिश्रणाचे बळ मुलांना इतके स्पष्ट दुसऱ्या कशाने पटत नाही.

आता अडचणीकडे येते. या तेलांविषयी बातम्यांमध्ये जे आकडे येतात, ते बहुतेक काचेच्या बंद बाटलीतले असतात. बाटलीत गाळणकागदाचा तुकडा, त्यावर तेलाचा थेंब, आत फुलकिडे किंवा फळमाश्या, वर घट्ट बूच. काही तासांत सगळे कीटक उलटे पडलेले दिसतात. असे प्रयोग मी स्वतः केले आहेत, माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेतले आहेत. ते खोटे नसतात. पण झाडाला बूच नसते. बागेत वारा आहे, ऊन आहे, पानाच्या खाली दडलेली कीड आहे. बाटलीत पुरे पडलेले प्रमाण झाडावर पुरे पडेल असे गृहीत धरून लिहिलेली कृती प्रयोगशाळेबाहेर टिकत नाही.

दुसरी अडचण साबणाची, आणि तिच्याकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून साबण घालतात. ठीक. पण साबणाचे पाणी स्वतःच मावा आणि पांढऱ्या माशीची पिले मारते. मग मावा मेला तो लवंगेने की साबणाने? हे कळायला दुसरा एक गट हवा, ज्यावर तेलाशिवाय नुसते तेच साबणाचे पाणी मारले आहे. तिसरा गट साध्या पाण्याचा. न फवारलेल्या झाडावरही काही किडी आपोआप मरतात. तो हिशेब वजा करण्याचे सूत्र डब्ल्यू. एस. ॲबट यांनी १९२५ सालीच देऊन ठेवले आहे. माझी एक विद्यार्थिनी मोठ्या उत्साहाने गवती चहाच्या तेलाचा प्रयोग करत होती. तिच्या साबणाच्या गटातला मावाही जवळजवळ तितकाच मेला, तेव्हा ती रडकुंडीला आली. मी तिला म्हटले, तुझ्या प्रयोगातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे, ती आधी लिही. बागायतदाराला यातून काय मिळते? माव्याचा त्रास कमी असेल तर त्याला तेलाची गरजच नाही, हे मिळते. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आणि प्रमाण! 'थोडे तेल' म्हणजे किती? प्रयोगांत ही तेले साधारणपणे अर्धा ते दोन टक्के वापरलेली आढळतात. एक टक्का म्हणजे लिटरभर पाण्याला १० मिली. आपली कृती वाचून कोणी २ मिली घालेल, कोणी ५०. पहिल्याची कीड हसतखेळत राहील आणि दुसऱ्याचे झाड भाजेल. मोठ्या बागेचा हिशेब तर याहून वेगळा. हेक्टरी हजार लिटर पाणी फवारले आणि तेल एक टक्का धरले, तर एका फवारणीला दहा लिटर तेल लागते. गवती चहाच्या हिरव्या पानांतून वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास तेल निघते. म्हणजे एका हेक्टराच्या एका फवारणीसाठी जवळजवळ पावणेदोन-दोन टन हिरवे गवत. ही फवारणी वारंवार करावी लागते, हे लक्षात घेतले की 'घरच्या घरी' हा शब्द मोठ्या बागेला का लागू पडत नाही ते कळते.

वारंवार का, तर ती टिकत नाही. माझ्या पत्राचा गाभा हाच आहे. बहुतेक सुगंधी तेलांचा पानावरचा प्रभाव एक-दोन दिवसांत ओसरतो, कडक उन्हात त्याहून लवकर. फवारणीच्या वेळी जी कीड समोर होती तिला तेल लागले तर लागले. दुसऱ्या दिवशी अंड्यातून बाहेर आलेल्या पिलासाठी पान कोरेच असते. रासायनिक औषधाची सवय झालेल्या माणसाला हा दोष वाटतो. मला तो दोष वाटत नाही. तेल उडून जाते म्हणूनच फळावर अंश राहत नाही, म्हणूनच काढणीच्या अगदी जवळ, जेव्हा बहुतेक इतर औषधे मारायला बंदी असते तेव्हा ते मारता येते, आणि म्हणूनच फवारणीनंतर मित्रकीटक बागेत लवकर परततात. पण मग सारे वेळापत्रक तेलाच्या या स्वभावाप्रमाणे बांधावे लागते: पिले बाहेर पडतात तो काळ ओळखायचा, फवारायचे, चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहायचे, नवी पिले दिसली तर पुन्हा फवारायचे. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या तारखेला पंप पाठीवर घेणाऱ्याने सुगंधी तेलाच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

तेल बारीक कणांत बंद करून त्याचा उडण्याचा वेग कमी करण्याचे प्रयत्न जोरात चालू आहेत. कायटोसान, अल्जिनेट, सायक्लोडेक्स्ट्रिन अशा पदार्थांच्या सूक्ष्म वेष्टनात तेल ठेवतात, किंवा नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक थेंब करून पाण्यात स्थिर करतात. यातून काही चांगले निघेल अशी मला आशा आहे. पण बादलीत काठीने ढवळून हे होत नाही.

कोणत्या किडीवर काय चालते, हे त्या कृतीत एका शब्दानेही नाही. मावा, फुलकिडे, पांढरी माशी, लाल कोळी यांची अंगे मऊ आणि लहान. थेंब नेमका अंगावर पडला तर तेल काम करते. पिठ्या ढेकणाची रांगणारी पिले मरतात, पण मोठी मादी मेणकट कापसाखाली सुरक्षित असते. खवले किडीचेही तसेच. खोडकिडा खोडात, फळ पोखरणारी अळी फळात. त्यांच्यापर्यंत तेल पोचतच नाही. फळमाशीचे पाहा. ती फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, मग फळ गळते आणि अळ्या मातीत शिरून कोष करतात. या चक्रात फवाऱ्याच्या समोर येते ती फक्त उडणारी माशी. फळ सडत चालले म्हणून त्यावर पुदिन्याचे तेल मारणाऱ्याने वेळही घालवला आणि तेलही. गळलेली फळे वेचून खोल पुरली असती तर पुढची पिढी तिथेच अडली असती.

पण याच फळमाशीच्या बाबतीत सुगंधी तेलांनी जे काम केले आहे, ते वाचकांना सांगायलाच हवे, आणि आपल्या लेखात नेमके तेच राहून गेले. १९१२ साली पुसा येथील शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एफ. एम. हाउलेट यांनी नोंदवले की सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाशीचे नर झेपावतात. डास पळवायला जे तेल लोक अंगाला लावत, त्याच तेलावर फळमाशीचे नर तुटून पडत होते! पुढे १९१५ साली त्यांनी त्यामागचा घटक सांगितला: मिथाइल युजेनॉल. नर ते चाटतात, आणि त्यातून मादीला ओढणारा स्वतःचा गंध तयार करतात. म्हणून तर त्यांना त्याची एवढी ओढ. १९६०च्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि अगदी थोडे कीटकनाशक यांत भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे विमानातून टाकले. नरच उरले नाहीत, माद्यांची अंडी फळली नाहीत, आणि पूर्वेकडील फळमाशी त्या बेटावरून नाहीशी झाली. झाडांवर काही न फवारता! ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कीटकशास्त्र निवडल्याचा मला मनापासून आनंद झाला होता. आजही बागांमध्ये टांगलेले फळमाशीचे सापळे याच तत्त्वावर चालतात.

भूमध्य फळमाशीची गोष्ट तितकीच बोलकी. तिचे नर अँजेलिका नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या बियांच्या तेलाकडे येतात. १९५६ साली ही माशी फ्लोरिडात पसरली तेव्हा सापळ्यांसाठी हे तेल इतके लागले की जगातला साठाच संपला. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जागी कृत्रिम द्रव्ये शोधली, त्यांतले ट्रायमेडल्यूर अजून वापरात आहे. वनस्पतीपासून मिळणाऱ्या वस्तूला शेताची, हंगामाची, पिकाची मर्यादा असते, ती इथे उघडी पडली. आणि आल्याच्या मुळाचे तेल? वंध्य केलेले नर सोडून फळमाशी आटोक्यात आणण्याचे जे कार्यक्रम असतात, त्यांत सोडण्याआधी नरांना या तेलाच्या वासात ठेवतात. त्यामुळे जंगली नरांशी स्पर्धेत ते मादी जास्त वेळा मिळवतात. म्हणजे तेलाने माशी मारली नाही, उलट तिला अधिक आकर्षक केले, आणि तरीही बागेचे भले झाले.

खुद्द झाड हे तेल कसे वापरते, तेही पाहण्यासारखे आहे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. फळमाशीने तिथे अंडी घातली तर अंडी आणि कोवळ्या अळ्या त्या तेलाने मरतात. फळ जास्त पिकले की सालीचा हा गुण कमी होतो आणि माशीला वाट मिळते. फ्लोरिडात पॅट्रिक ग्रीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेपफ्रूटवर जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचे वाढ-संप्रेरक फवारून सालीचे म्हातारपण लांबवले आणि कॅरिबियन फळमाशीला होणारा फळाचा विरोध टिकवून धरला. बाहेरून तेल आणून ओतण्याऐवजी झाडाच्या स्वतःच्या तेलाला सांभाळण्याचा हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो. आपल्या पुरवणीत या विषयावर एक स्वतंत्र लेख यावा.

आता भाजण्याविषयी. लवंगेचे आणि संत्र्याचे तेल तण जाळण्यासाठीही विकले जाते, हे आपल्या लेखकांना ठाऊक नसावे. जे तेल तणाचे पान जाळते, ते प्रमाण चुकले की डाळिंबाचे किंवा द्राक्षाचे पानही जाळते. एका बागायतदाराने लिंबूवर्गीय झाडांची भाजलेली कोवळी पालवी पिशवीत भरून माझ्याकडे आणली होती. लवंग तेल दुपारच्या उन्हात, साबण कमी घालून मारले होते. तेल पाण्यात नीट फुटले नाही की पंपात तेल आणि पाणी वेगवेगळे राहतात. काही झाडांना नुसते पाणी मिळते आणि काहींना जवळजवळ शुद्ध तेल. त्या पिशवीतल्या पानांवर गोल, तपकिरी, कडेला पारदर्शक असे डाग होते, थेंब जिथे थांबला तिथे नेमके. कोवळी पालवी, कळ्या, फुलोरा आणि नुकते धरलेले फळ यांवर ही तेले मारू नयेत. पाण्याच्या ताणाखाली असलेल्या झाडावर तर मुळीच नको. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागेही टाळावे, कारण तेल आणि गंधक एकत्र आले की पाने भाजण्याचा धोका वाढतो.

बाटलीवर 'तुळशीचे तेल' लिहिले की आत काय आहे ते कळले, असेही नाही. तुळशीच्या कुळातल्या एका झाडाच्या तेलात युजेनॉल मुख्य असते, दुसऱ्याच्या तेलात लिनालूल, तिसऱ्याच्या तेलात मिथाइल चॅव्हिकॉल. थाइमचेही तसेच: एका वाणात थायमॉल, दुसऱ्यात कार्व्हाक्रॉल, तिसऱ्यात लिनालूल. जमीन, हंगाम, कापणीची वेळ, तेल काढायला लागलेले तास, सगळ्याने घटक बदलतात. भेसळ होते ती वेगळीच. म्हणून तेलाच्या नावापेक्षा त्यातल्या मुख्य घटकाचे नाव आणि टक्केवारी विचारा, असे मी प्रत्येकाला सांगते. तेलातले घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी तपासणीचा अहवाल मिळत नसेल तर मोठ्या बागेसाठी ते तेल घेऊ नये. जुने तेल तर वापरूच नये. हवा लागलेल्या लिमोनिनपासून जी द्रव्ये बनतात त्यांची त्वचेला ॲलर्जी होते.

यावरून सुरक्षिततेचा मुद्दा निघतो. 'नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी' या वाक्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. सुगंधी तेले सर्वसाधारणपणे जुन्या कीटकनाशकांपेक्षा माणसाला पुष्कळ सौम्य आहेत, हे खरे. पण वर ज्या मिथाइल युजेनॉलचे मी एवढे कौतुक केले, त्यालाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. सापळ्यात बंद असलेल्या बोळ्यावर ते ठेवणे वेगळे आणि ते फळावर फवारणे वेगळे. मधमाश्यांचेही तसेच. थायमॉल पेटीत ठेवून मधमाश्यांवरच्या व्हॅरोआ कोळ्याचा बंदोबस्त करतात, पण हवा तापलेली असताना प्रमाण जास्त झाले तर माश्या पेटी सोडून जातात. फवाऱ्याचा थेंब थेट अंगावर पडला तर मधमाशी, ढालकिडा, मावा खाणारी क्रायसोपाची अळी, भक्षक कोळी यांनाही इजा होते. त्यांना वाचवते ती तेलाची लवकर उडून जाण्याची सवय. म्हणून फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. संध्याकाळी तेल जरा जास्त वेळ टिकते आणि पानही भाजत नाही, हा वरचा फायदा.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९९६ पासून लवंग, पुदिना, रोझमेरी, थाइम, गवती चहा, सिट्रोनेला अशा काही तेलांना कीटकनाशक म्हणून केंद्रीय नोंदणी करण्यापासून सूट आहे. याचा दाखला देऊन 'अमेरिकेने मान्य केलेले' असे लेखांत लिहिले जाते. ती सूट धोका कमी म्हणून दिली आहे. कीड किती मरते याचा पुरावा त्यासाठी तपासलेला नसतो. उलट युरोपीय संघात संत्र्याच्या तेलाला इतर औषधांप्रमाणे छाननीतून जाऊन मान्यता मिळवावी लागली. दोन्हींत किती अंतर आहे, ते वाचकांना समजायला हवे.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. जी कृती छापली तिची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. तीत कोणते तेल आणि त्यातला मुख्य घटक, लिटरला किती मिली, पाण्यात फोडायला काय आणि किती, कोणत्या किडीच्या कोणत्या अवस्थेवर, कोणत्या पिकाच्या कोणत्या अवस्थेत मारू नये, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी पुन्हा पाहायचे, एवढे यावे. हे सगळे सांगता येत नसेल तर ती कृती छापू नये. प्रमाण माहीत नसलेले औषध कोणताही जबाबदार डॉक्टर लिहून देत नाही. झाडाच्या बाबतीत आपण वेगळा न्याय का लावायचा?

दुरुस्ती छापून येईपर्यंत ज्यांनी ते मिश्रण करून ठेवले असेल त्यांच्यासाठी तातडीच्या चार ओळी. सगळ्या बागेवर मारू नका. एका झाडाच्या एका फांदीवर संध्याकाळी मारा, दोन दिवसांनी कोवळी पाने उन्हाकडे धरून पाहा, आणि शेजारच्या फांदीवर तेलाशिवाय नुसते साबणाचे पाणी मारून दोन्हींवरची कीड भिंगाखाली मोजा. फवारताना पंप सारखा हलवत राहा, हातमोजे आणि चष्मा घाला. काम झाल्यावर पंप लगेच धुवा, कारण लिमोनिनने रबरी वॉशर फुगतात आणि काही प्लॅस्टिक विरघळते. उरलेले तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली, आगीपासून दूर आणि कुलपात ठेवा. निलगिरीचे चमचाभर तेलही लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते.

आपली नियमित वाचक,
कीटकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका